झोपेत आठवण पक्की होते की तिचा डंख निघतो? पीएचडीचा प्रश्न घडवताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमचं जीवशास्त्रात एमएस्सी झालंय, नेटची तयारी चालू आहे आणि झोप व भावनिक आठवणी या विषयावर पीएचडी करायची आहे. वाचायला बसलं की एक पेपर म्हणतो, आरईएम झोपेत (पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि स्वप्नं जास्त पडतात ती झोप) वाईट प्रसंगाची आठवण घट्ट होते. दुसरा म्हणतो, त्याच झोपेत तिचा डंख निघून जातो. तिसरा म्हणतो, यातलं काहीच नीट दिसत नाही. तुम्ही विचारलंय की आराखडा लिहिताना कुठली बाजू धरायची, काम माणसांवर करायचं की उंदरांवर, आणि हे भारतात जमेल का.

माझं पहिलं सांगणं हेच की बाजू धरूच नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत आणि बरेचसे उलटसुलट निष्कर्ष त्या गुंत्यातूनच आले आहेत. काल काय पाहिलं ते आज किती आठवतं, हा एक प्रश्न. ते आठवताना छाती किती धडधडते, घाम फुटतो का, मेंदूतला अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला भाग किती पेटतो, हा दुसरा. अपघात झाल्याला दहा वर्षं झाली तरी माणसाला रस्ता, गाडीचा रंग, वेळ सगळं लख्ख आठवतं, पण सांगताना आवाज कापत नाही. आठवण तशीच आहे, डंख गेला आहे. म्हणजे या दोन गोष्टी एकत्र वाढतील किंवा एकत्र घटतील असं गृहीत धरता येत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे, त्याच माणसात, त्याच प्रयोगात मोजल्या तरच पुढचं सगळं अर्थपूर्ण होतं.

आता साहित्याकडे या नजरेनं पाहा. 2001 मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक इथल्या वाग्नर, गाइस आणि बॉर्न यांनी लोकांना भावनिक आणि साधे असे उतारे वाचायला दिले आणि मग रात्रीच्या पूर्वार्धातली किंवा उत्तरार्धातली तीन तासांची झोप घेऊ दिली. उत्तरार्धात आरईएम झोप जास्त असते आणि त्या झोपेनंतर भावनिक उतारे जास्त लक्षात राहिले. त्याच लोकांना चार वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही वाचल्यानंतर झोपलेल्यांना भावनिक उतारे अधिक आठवत होते. हे सगळं आठवणीबद्दल आहे. 2007 मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या गटानं दाखवलं की साधारण 35 तास जागरण झालेल्यांचा अमिग्डाला अप्रिय चित्रांना 60 टक्के जास्त प्रतिसाद देतो आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा दुवा सैल होतो. हे प्रतिसादाबद्दल आहे, आठवणीबद्दल नाही. 2009 मध्ये वॉकर आणि व्हॅन डर हेल्म यांनी दोन्ही धागे जोडून गृहीतक मांडलं, की आरईएम झोपेत मजकूर टिकतो आणि त्याला चिकटलेली भावना सुटते. 2011 च्या त्यांच्या प्रयोगात 12 तासांच्या अंतरानं तीच चित्रं दोनदा दाखवली. मध्ये झोप झालेल्यांचा अमिग्डाला दुसऱ्या वेळी शांत होता, जागे राहिलेल्यांचा नव्हता.

इथपर्यंत गोष्ट सरळ दिसते. पण 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रिबेका स्पेन्सर यांच्या गटाला नेमकं उलटं मिळालं. जागेपणी अप्रिय चित्रांची तीव्रता ओसरली आणि झोपेनंतर ती होती तशीच टिकली. मग 2019 आणि 2020 मध्ये दोन मेटा-अॅनालिसिस आले. सगळे अभ्यास एकत्र केल्यावर, साध्या गोष्टींपेक्षा भावनिक गोष्टींना झोप जास्त झुकतं माप देते असा एकंदर परिणाम दोन्हींत दिसला नाही. 2019 च्या लेखात मात्र एक महत्त्वाची नोंद आहे. जिथे चित्र ओळखायला न सांगता मनानं आठवायला सांगितलं होतं, आणि जिथे सुरुवातीला किती शिकलं गेलं होतं त्याचा हिशेब धरला होता, तिथे भावनिक आठवणींना फायदा दिसला. तुमच्या पीएचडीचं बीज या नोंदीत आहे असं मला मनापासून वाटतं. भांडण बरंचसं मोजण्याच्या पद्धतीचं आहे, आणि मोजण्याची पद्धत सुधारणं हे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं काम आहे.

ओळखण्याच्या चाचणीत काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सर्वात जास्त घोळ होतो. तुम्ही शंभर चित्रं दाखवता, दुसऱ्या दिवशी त्यात शंभर नवी मिसळता आणि विचारता, ‘हे काल पाहिलं होतं का?’ जखमा, रडणारी माणसं, हल्ले अशी चित्रं एकमेकांसारखी असतात. माणूस गोंधळतो आणि न पाहिलेल्या चित्रालाही ‘हो’ म्हणतो. फक्त बरोबर ‘हो’ मोजले तर भावनिक चित्रं जास्त लक्षात राहिली असं वाटतं, पण वाढलेली असते ती ‘हो’ म्हणण्याची प्रवृत्ती. म्हणून खरी ओळख आणि प्रवृत्ती वेगवेगळी काढावी लागते. सिग्नल डिटेक्शन या पद्धतीतला डी-प्राइम (खरी ओळख) आणि निकषाचं मूल्य (‘हो’ म्हणण्याची प्रवृत्ती) दोन्ही द्या. साधी चित्रंही एकमेकांशी तेवढीच नातं असलेली निवडा, नाहीतर एकीकडे सगळे अपघात आणि दुसरीकडे छत्री, खुर्ची, पूल असा विजोड सामना होतो. झोपण्याआधी एक छोटी चाचणी अवश्य घ्या. ती नसेल तर सकाळी दिसणारा फरक रात्रीतून आला की शिकतानाच पडला, हे कधीच सांगता येणार नाही.

डंख मोजतानाही असाच सापळा आहे. तेच चित्र दुसऱ्यांदा पाहिलं की त्याचा धक्का तसाही कमी बसतो, मग मध्ये झोप असो वा नसो. म्हणून दुसऱ्या दिवशी जुन्या चित्रांबरोबर कधीही न पाहिलेली अप्रिय चित्रंही दाखवून त्यांची तीव्रता विचारायला हवी. झोपेचा परिणाम त्या विशिष्ट आठवणीवर झाला, की झोप झाल्यामुळे माणूस एकूणच शांत झाला, हे त्यातूनच उलगडतं. नुसत्या आकड्यांच्या पट्टीवर विसंबू नका. त्वचेची विद्युतवाहकता आणि भुवया आकसणाऱ्या स्नायूचा ईएमजी (स्नायूतल्या विद्युत हालचालीची नोंद) हे दोन्ही फार महागडे प्रकार नाहीत. ‘किती वाईट वाटलं’ आणि ‘किती हादरलात’ हे दोन वेगळे प्रश्न ठेवा, कारण पहिल्यात फरक न पडता दुसऱ्यात पडू शकतो.

चित्रं कुठली, हा प्रश्न भारतात जास्त टोकदार होतो. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग यांच्याकडे तयार झालेला आयएपीएस हा चित्रसंच जगभर वापरतात. त्यातली बंदुकीची, बर्फाची, तिथल्या घरांची चित्रं आपल्या मुलामुलींवर तोच परिणाम करतील असं समजू नका. तुमच्या प्रयोगात जे येणार आहेत त्यांच्याच वयाच्या, तशाच पार्श्वभूमीच्या वेगळ्या गटाकडून आधी सगळ्या चित्रांचं मूल्यांकन करून घ्या. हे काम थिसिसचं पहिलं प्रकरण होऊ शकतं आणि पुढे इतरांनाही उपयोगी पडेल. शब्द वापरणार असाल आणि मराठीत करणार असाल, तर शब्दाची लांबी, तो किती वेळा कानावर पडतो आणि डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं का, हे सगळं भावनिक आणि साध्या शब्दांत जुळवावं लागेल. रक्तबंबाळ चित्रं टाळायची असतील तर अॅमस्टरडॅममधल्या युस व्हॅन सोमेरन यांच्या गटानं 2019 मध्ये वापरलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी लोकांना कानावर हेडफोन देऊन गायला लावलं आणि नंतर त्यांचंच बेसूर गाणं त्यांना ऐकवलं. लाज ही खरी, स्वतःची भावना आहे, अनोळखी माणसाच्या जखमेपेक्षा जवळची. झोपेनंतर बहुतेकांचा अमिग्डाला त्या गाण्याला सरावला. ज्यांची आरईएम झोप तुटक होती त्यांच्यात हा सराव नीट झाला नाही.

प्रयोगाची रचना निवडताना एक गोष्ट कबूल करावी लागते, ती म्हणजे बिनदोष रचना नाही. कुठला दोष तुम्हाला परवडतो एवढंच ठरवायचं असतं. सकाळी शिकून रात्री चाचणी आणि रात्री शिकून सकाळी चाचणी, ही 12 तासांची रचना सर्वात सोपी. पण दोन गट दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी शिकतात आणि वेगवेगळ्या वेळी आठवतात. म्हणून सकाळी शिकून लगेच चाचणी आणि रात्री शिकून लगेच चाचणी असे दोन छोटे गट जोडावे लागतात. पूर्ण जागरण करवलं तर दुसऱ्या दिवशी माणूस थकलेला, चिडलेला असतो, आणि तुम्ही आठवणीऐवजी थकवा मोजून बसता. त्यावर उपाय म्हणून मध्ये दोन रात्रींची पुरेशी झोप देऊन मग चाचणी घेतात. रात्रीचे दोन तुकडे करण्याची पद्धत सुबक आहे, पहिल्या भागात गाढ झोप आणि दुसऱ्यात आरईएम. पण पहाटेकडे कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढत जातं आणि कॉर्टिसोल स्वतःच भावनिक आठवणींवर परिणाम करतं. तेव्हा दिसलेला फरक आरईएमचा की पहाटेच्या संप्रेरकाचा, हे सुटत नाही.

दुपारची डुलकी विद्यार्थ्यांना सोयीची वाटते, कारण रात्रभर प्रयोगशाळेत बसावं लागत नाही. 90 मिनिटांच्या डुलकीत अनेकांना आरईएम लागतच नाही. ज्यांना लागतं आणि ज्यांना लागत नाही ते दोन गट तुम्ही ठरवलेले नसतात, ते आपोआप पडतात, आणि त्यांच्यात आधीपासूनच फरक असू शकतो. शिवाय रोज वामकुक्षी घेणारा आणि कधीच न झोपणारा यांची दुपारची झोप सारखी नसते. आरईएम सुरू झालं की उठवायचं, या पद्धतीत उठवण्याचाच ताण होतो. औषधांनी आरईएम दाबता येतं, अनेक अँटिडिप्रेसंट ते करतात. पण 2009 मध्ये राश आणि सहकाऱ्यांनी अशा औषधांनी आरईएम दाबून पाहिलं तेव्हा हस्तकौशल्याची आठवण बिघडण्याऐवजी सुधारली. भावनिक आठवण वेगळी असेल, पण आरईएम म्हणजे आठवणीची किल्ली असं सरसकट म्हणता येत नाही, एवढं यातून कळतं. औषधांचा मार्ग पीएचडीत घेऊ नका, परवानग्यांमध्येच वर्षं जातील.

आता आरईएमच्या आग्रहाबद्दल. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात सगळा भर आरईएमवर आहे आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. आरईएममध्ये मेंदूच्या खोडातलं लोकस सेरुलियस जवळजवळ गप्प होतं, म्हणजे ताणाशी जोडलेलं नॉरअॅड्रेनालिन सर्वात कमी असतं. त्याच वेळी आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला जागे असतात. भावनेशिवाय आठवण उजळण्याची ही उत्तम संधी, असा तो तर्क. उंदरांवरचा पुरावाही आहे. 2016 मध्ये बॉयस आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या साहाय्यानं फक्त आरईएममधली थीटा लय (हिप्पोकॅम्पसमधली संथ विद्युत लय) शांत केली, तर भीती बसलेल्या जागेची आठवण बिघडली. पण 2017 मध्ये गॅब्रिएल जिरार्डो आणि ग्यॉर्गी बुझाकी यांनी एका मार्गावर ठरावीक जागी हवेचा झोत सोसलेल्या उंदरांची नोंद घेतली. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला यांच्यातला तो अनुभव पुन्हा एकत्र उजळला तो नॉन-आरईएम झोपेत, म्हणजे गाढ झोप धरून बाकीच्या झोपेत, शार्प-वेव्ह रिपल या हिप्पोकॅम्पसमधल्या क्षणिक लहरींच्या वेळी. माणसांत 2013 मध्ये झोल्पिडेम हे झोपेचं औषध देऊन स्पिंडल (मेंदूलहरींचे छोटे झटके) वाढवले तर अप्रिय चित्रांची ओळख सुधारली, आणि स्पिंडल ही नॉन-आरईएमची खूण आहे. म्हणून माझं मत असं की मजकूर टिकण्याचं बरंचसं काम नॉन-आरईएममध्ये होत असावं आणि डंखाचं काय होतं त्यात आरईएमचा, विशेषतः आरईएम अखंड आहे की तुटक याचा, वाटा असावा. हे मत आहे, सिद्ध झालेलं नाही. पण तुम्ही दोन्ही मोजलंत तर तुमचा डेटा याच्या बाजूनं किंवा विरुद्ध काहीतरी ठामपणे सांगेल. आरईएमची फक्त टक्केवारी मोजलीत तर सांगणार नाही.

माणूस की उंदीर, याचं उत्तर तुमच्यावर आणि गाईडवर अवलंबून आहे. कारण शोधायचं असेल, म्हणजे हा पेशीगट बंद केला तर काय होतं, तर प्राण्यांना पर्याय नाही. भारतात त्याची परंपरा चांगली आहे. दिल्लीच्या जेएनयूमध्ये बीरेंद्रनाथ मलिक यांनी आरईएम झोप आणि नॉरअॅड्रेनालिन यांवर दीर्घकाळ काम केलं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतून सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटानं 2002 मध्ये दाखवलं की दीर्घ ताणानं हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आक्रसतात, तर अमिग्डालाच्या फांद्या उलट वाढतात. हा पेपर नक्की वाचा. मुंबईत टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांचा गट भावनांच्या यंत्रणेवर काम करतो. पण उंदराच्या झोपेची चक्रं काही मिनिटांची असतात, तो दिवसा तुकड्यातुकड्यांनी झोपतो, आणि त्याचं जागच्या जागी गोठणं म्हणजे आपल्याला वाटणारी भीती नव्हे. ‘मनाला काय वाटलं’ हे विचारायचं असेल तर माणसंच हवीत. माणसांच्या झोपेसाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये न्यूरोफिजिऑलॉजी विभागात जुनी परंपरा आहे, बिंदू कुट्टी यांच्या गटानं तिथे विपश्यना करणाऱ्यांच्या झोपेवर काम केलं आहे. विपश्यनेचं केंद्र असलेलं इगतपुरी जवळ असल्यानं आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांना ध्यानाचा घटक थिसिसमध्ये घालावासा वाटतो. स्वतंत्र विषय म्हणून तो सुंदर आहे, पण तुमच्या प्रश्नात तो आणखी एक चल वाढवेल. सध्या नको.

तुमच्या गावाजवळच राहायचं असेल तर शोधायचा तो विद्यापीठाचा विभाग नव्हे, तर झोपेची प्रयोगशाळा असलेलं रुग्णालय. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यांच्या तपासण्यांमुळे पॉलिसोम्नोग्राफीची, म्हणजे झोपेत मेंदू, डोळे आणि श्वास यांची नोंद घेणारी, यंत्रं आता मोठ्या शहरांत बऱ्याच ठिकाणी आहेत. मात्र रुग्णांसाठी लावलेल्या यंत्रात डोक्यावर मोजकेच इलेक्ट्रोड असतात. थीटा किंवा स्पिंडल कुठल्या भागात आहेत हे पाहायचं असेल तर ते पुरत नाहीत. फक्त टप्पे ठरवायचे असतील तर पुरतात. आधी यंत्र पाहा, मग प्रश्न पक्का करा. उलट क्रमानं गेलेले विद्यार्थी मी अडकताना पाहिले आहेत.

रात्रीचं काम कसं असतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. सहभागी माणसाला आदल्या दिवशी निरोप द्या, शाम्पूनं केस धुऊन ये आणि तेल लावू नकोस. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाही आणि पहाटे तीनला सिग्नल जातो. इलेक्ट्रोडचा विद्युत अवरोध 5 किलोओहमच्या खाली आणल्याशिवाय दिवा मालवू नका. 50 हर्ट्झची विजेची गुणगुण नोंदीत शिरते, तेव्हा अर्थिंग आणि यूपीएस आधी तपासून घ्या. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. आधीचा आठवडाभर मनगटावर अॅक्टिग्राफ (हालचालीवरून झोप नोंदवणारं यंत्र), कारण परीक्षेच्या आठवड्यातला होस्टेलचा मुलगा आणि सुट्टीतला मुलगा वेगळी झोप घेऊन येतात. पहिली रात्र सवयीची धरा, तिचा डेटा मुख्य विश्लेषणात घेऊ नका. नव्या जागी झोप सगळ्यांचीच बिघडते. मुलींना वगळून प्रयोग सोपा करू नका. पाळीच्या चक्राचा दिवस नोंदवा आणि विश्लेषणात धरा. रात्री मुली येणार असतील तर टीममध्ये स्त्री असणं आणि सकाळी घरी पोचवण्याची सोय असणं हे प्रयोगाच्या आराखड्यातच लिहा. एथिक्स कमिटी ते विचारणारच, आणि विचारायलाच हवं. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा. अप्रिय चित्रं दाखवणार म्हणजे नैराश्य आणि आघाताचा इतिहास आधी विचारणं, मध्येच थांबण्याची मोकळीक देणं आणि समुपदेशकाचा फोन हाताशी ठेवणं हे सगळं त्यात आलं.

झोपेचे टप्पे 30 सेकंदांच्या तुकड्यांत ठरवतात. अनुभवी माणसांतही एकमत साधारण 82 टक्क्यांच्या आसपास असतं आणि एन1 या सर्वात हलक्या झोपेच्या टप्प्यावर ते खूपच खाली जातं. म्हणून दोन जणांनी, कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसताना, स्कोअरिंग करावं. यासा हे मोफत सॉफ्टवेअर मदतीला चांगलं आहे, पण हातानं स्कोअरिंग शिकल्याशिवाय त्याच्यावर सोपवू नका.

संख्याशास्त्राबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. तुमचा मुख्य दावा आंतरक्रियेचा, म्हणजे इंटरॅक्शनचा आहे: झोपेचा फायदा भावनिक गोष्टींना साध्या गोष्टींपेक्षा जास्त होतो का. अशा फरकातला फरक पकडायला साध्या फरकापेक्षा कितीतरी जास्त माणसं लागतात. वीस जणांची आरईएमची मिनिटं आणि गुण यांचा आलेख काढून त्यात रेषा शोधणं या क्षेत्रात फार झालं आहे. सहसंबंधाचा आकडा स्थिर व्हायला साधारण 250 माणसं लागतात असं 2013 मध्ये शोनब्रोट आणि पेरुजिनी यांनी संगणकी सिम्युलेशननं दाखवलं. रात्रीच्या प्रयोगात एवढी माणसं आणणं तुम्हाला शक्य नाही. म्हणून प्रश्न असा ठेवा की प्रत्येक माणसाची तुलना स्वतःशीच होईल. जेसिका पेन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये वापरलेली पद्धत यासाठी उत्तम आहे. साध्या पार्श्वभूमीवर एक वस्तू असते, कधी साधी गाडी तर कधी अपघात झालेली गाडी. वस्तू आणि पार्श्वभूमी वेगवेगळी विचारायची. रात्रीच्या झोपेनंतर अपघाताची गाडी लक्षात राहते आणि मागचा रस्ता पुसट होतो. एकाच चित्राच्या आत तुलना मिळते. गृहीतक, चाचण्या आणि माणसांची संख्या डेटा गोळा करण्याआधी ओएसएफ या मोफत संकेतस्थळावर नोंदवून ठेवा. निकाल शून्य आला तरी मग तो निकाल असतो, अपयश नसतं, आणि व्हायव्हाला तुम्ही ताठ मानेनं उभे राहता.

यावरून थिसिसचा आकार मला असा दिसतो. पहिल्या टप्प्यात चित्रांचं मूल्यांकन, ते नेट लागण्याआधीही सुरू करता येईल. मुख्य टप्पा म्हणजे रात्रीचा प्रयोग, वस्तू-पार्श्वभूमीची चित्रं, झोपण्याआधी चाचणी, सकाळी आठवण आणि डंख दोन्ही, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. आठवड्यानंतरची चाचणी सोडू नका. डंख एका रात्रीत निघतो असं गृहीत धरायला काही कारण नाही, आणि दोन्ही बाजूंचे बरेच अभ्यास एका रात्रीवर थांबले आहेत. तिसरा टप्पा वेळ उरला तर. तिथे मला झोपेत आवाजाची खूण देऊन आठवण जागवण्याचा प्रयोग मोहवतो. 2007 मध्ये राश यांनी गाढ झोपेत गुलाबाचा वास देऊन आणि 2009 मध्ये पॅलर यांच्या गटानं आवाज देऊन हे करून दाखवलं. पण अप्रिय आठवण अशी मुद्दाम जागवायची तर एथिक्स कमिटीपुढे वेगळी तयारी लागेल.

वेळेचं आणि पैशाचं गणित परिस्थितीवर आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 आणि साधारणतः कमाल 6 वर्षं. जेआरएफ ही सुरुवातीची संशोधन शिष्यवृत्ती 2023 च्या जानेवारीपासून दरमहा 37,000 रुपये, पुढे एसआरएफ 42,000, घरभाडे भत्ता वेगळा. नेटबरोबर टीआयएफआर आणि एनसीबीएससाठी जेजीईबिल्स ही परीक्षाही द्या. रात्रीच्या प्रयोगात आठवड्याला दोन-तीन माणसांपेक्षा जास्त होत नाहीत, आणि तुमची स्वतःची झोप बिघडते. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर दुसऱ्या कुणाबरोबर रात्री वाटून घेण्याची सोय गाईडशी आधीच बोलून घ्या. हे विचारण्यात कमीपणा नाही.

लगेच करण्यासारखं एक काम सांगते. फिजिओनेट या संकेतस्थळावर स्लीप-ईडीएफ हा मोफत संच आहे, त्यात 197 पूर्ण रात्रींच्या नोंदी तज्ज्ञांच्या स्कोअरिंगसह आहेत. दहा रात्री स्वतः स्कोअर करा, उत्तरांशी ताडून पाहा. मग एक पानाचा मसुदा लिहा: कुठली तुलना, आठवण कशी मोजणार, डंख कसा मोजणार, निकाल उलटा आला तर त्याचा अर्थ काय. हे पान आणि तुमच्या स्कोअरिंगचा तक्ता जोडून गाईडना ईमेल करा. ‘मला झोपेत रस आहे’ असं लिहिलेले ईमेल खूप येतात, तक्ता जोडलेले फारच कमी. पान तयार झालं आणि कुठल्या यंत्रावर काम करता येणार हे कळलं की मला जरूर कळवा, इलेक्ट्रोडची मांडणी आणि माणसांची संख्या यावर तेव्हा नेमकं बोलता येईल.